छोट्या ट्रॅक्टरला झेपणारी औजारं



आज आपण छोट्या ट्रॅक्टरच्या औजारांविषयी बोलणार आहोत. छोटा ट्रॅक्टर म्हणजे साधारण १५ ते २८ अश्वशक्तीचा, द्राक्षाच्या दोन ओळींतून, उसाच्या सरीतून किंवा कोकणातल्या खाचरात सहज फिरणारा. गेल्या काही वर्षांत हा ट्रॅक्टर गावोगाव दिसायला लागला आहे, आणि त्याला कारणही तसंच आहे. महाराष्ट्रात १९७०-७१ साली दर खातेदारामागे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ च्या कृषी गणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. जमिनीचे तुकडे झाले, बैल कमी झाले, मजूर वेळेवर मिळेनासा झाला. अशा वेळी तीन-चार एकरांच्या शेतकऱ्याला छोटा ट्रॅक्टर सोयीचा वाटतो, यात नवल नाही.

पण ट्रॅक्टर घेताना आपण जेवढी चौकशी करतो, तेवढी औजारं घेताना करत नाही. ट्रॅक्टरसाठी चार गावं फिरतो, आणि औजार मात्र दुकानदार जे पुढं करील ते उचलून आणतो. वास्तविक ट्रॅक्टर हा नुसता ओढणारा बैल आहे. शेतात काम करतं ते औजार. औजार मोठं निघालं तर ट्रॅक्टर दमतो, डिझेल जास्त पितो, क्लच जळतो. औजार लहान निघालं तर एका एकराला दुप्पट फेऱ्या होतात. आणि औजार चुकीच्या जागी जड निघालं तर ट्रॅक्टर उलटतो. कर्ज काढून घेतलेलं यंत्र आहे आणि त्यावर घरचाच माणूस बसणार आहे. म्हणून ही निवड नीट विचार करूनच करायला हवी.

पहिलं काम : कामांची यादी करा

दुकानात जाण्याआधी एक वही घ्या. आपल्या शेतात वर्षभरात कोणकोणती कामं ट्रॅक्टरनं करायची आहेत, ती महिन्यावार लिहा. प्रत्येक कामापुढं तीन गोष्टी लिहा : किती एकर, वर्षातून किती वेळा आणि दोन ओळींतलं अंतर किती. ही यादी झाली की निम्मं काम झालं म्हणून समजा. कारण औजार पिकाप्रमाणे, जमिनीप्रमाणे आणि ओळीच्या अंतराप्रमाणे निवडायचं असतं. शेजाऱ्याकडे आहे म्हणून आपणही घ्यायचं, असं नसतं.

द्राक्षबागायतदाराच्या यादीत फवारणी सगळ्यात वर येईल. ऊसवाल्याच्या यादीत आंतरमशागत आणि बांधणी येईल. सोयाबीन-हरभरा घेणाऱ्याला पेरणी आणि कोळपणी महत्त्वाची. भातवाल्याला चिखलणी. चौघांचा ट्रॅक्टर एकच असला तरी चौघांची औजारं वेगळी असणार, हे उघड आहे.

दुसरं काम : जोडणी जुळते का ते पाहा

ट्रॅक्टरच्या मागे औजार जोडायला तीन दांडे असतात. खाली दोन आणि वर एक. हॅरी फर्ग्युसन यांच्या या कल्पनेवर बनलेला ट्रॅक्टर इंग्लंडमध्ये १९३६ साली बाजारात आला, आणि आज जगभर हीच पद्धत चालते. या जोडणीचे ठरलेले वर्ग आहेत. पहिल्या वर्गात खालच्या दांड्यांची पिन २२ मिलिमीटर जाडीची आणि वरच्या दांड्याची १९ मिलिमीटरची असते. मोठ्या ट्रॅक्टरच्या दुसऱ्या वर्गात खालची पिन २८ मिलिमीटरची आणि वरची २५ मिलिमीटरची असते.

आपला छोटा ट्रॅक्टर बहुधा पहिल्या वर्गातला असतो. त्यातही अरुंद ट्रॅक्टरची खालच्या दोन दांड्यांमधली जागा कमी असते. पिन तीच, पण अंतर कमी. त्यामुळे शेजाऱ्याच्या ४५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचं औजार आपल्याला बसेलच असं नाही. ओढूनताणून, बुश घालून बसवलं तरी ते आपल्या ट्रॅक्टरसाठी बनवलेलं नसतं. म्हणून घरून निघताना दोन मापं लिहून न्या. आपल्या खालच्या दांड्यांच्या भोकाचं माप आणि दोन दांड्यांमधलं अंतर. जुनं औजार घेत असाल तर ही मापं आधी तपासा, भाव नंतर करा.

तिसरं काम : अश्वशक्ती कुठं मिळते ते समजून घ्या

बॉनेटवर २० अश्वशक्ती लिहिलेली असते ती इंजिनाची. मागच्या फिरत्या दांड्यावर, ज्याला आपण पी.टी.ओ. म्हणतो, तिथं त्यातली साधारण ८५ टक्के पोहोचते. म्हणजे १७ अश्वशक्ती. रोटाव्हेटर, ब्लोअर, पंप ही फिरणारी औजारं या १७ वर चालतात, वीसवर नाही.

पी.टी.ओ.चा नेहमीचा वेग मिनिटाला ५४० फेरे. हा वेग इंजिनाच्या किती फेऱ्यांवर मिळतो, हे ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेलं असतं. काही छोट्या ट्रॅक्टरांना पी.टी.ओ.चे दोन वेग असतात. औजार कोणत्या वेगासाठी बनवलं आहे ते त्याच्या पट्टीवर वाचा. ५४० च्या औजाराला जास्त वेग दिला तर बेअरिंग आणि गिअरबॉक्स लवकर जातात आणि अपघातही होऊ शकतो.

जे औजार ओढायचं असतं, म्हणजे नांगर, मोगडा, रिजर, त्याची गोष्ट निराळी. तिथं अश्वशक्तीपेक्षा ट्रॅक्टरचं वजन आणि टायरची पकड महत्त्वाची. हे एका उदाहरणानं पाहू. समजा, भारी काळ्या जमिनीत आपण २५ सेंटिमीटर रुंद आणि २० सेंटिमीटर खोल तास काढतो. तासाचं क्षेत्रफळ झालं ५०० चौरस सेंटिमीटर. भारी जमिनीचा विरोध चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.७ किलो धरला, तर ओढायला ३५० किलोचा जोर लागतो. ताशी साडेतीन किलोमीटरच्या चालीनं ओढलं तर या कामाला पाच अश्वशक्तीसुद्धा लागत नाही. पण ३५० किलोचा जोर लावायला ट्रॅक्टरला जमिनीवर तेवढी पकड हवी. आपला ट्रॅक्टर असतो सात-आठशे किलोचा. चारही चाकं ओढणारी असली, तरी वजनाच्या साधारण निम्मा जोर मिळाला तर पुष्कळ. दोनच चाकं ओढणारी असतील तर त्याहून कमी.

म्हणजे काय झालं? एका फाळाचा, दहा इंची नांगर हीच आपली भारी जमिनीतली हद्द झाली. दोन फाळांचा नांगर लावला की चाकं जागच्या जागी फिरणार, टायर झिजणार, तासाऐवजी खड्डे पडणार. इंजिनात जोर शिल्लक आहे, पण तो जमिनीपर्यंत पोहोचत नाही. खोल नांगरट सगळ्यांना दरवर्षी लागते असंही नाही. दोन-तीन वर्षांतून एकदा लागणार असेल, तर तेवढ्यापुरता मोठा ट्रॅक्टर भाड्यानं आणा. छोट्याकडून मोठ्याचं काम करून घेण्यात शहाणपण नाही.

रोटाव्हेटर किती रुंद घ्यावा?

छोट्या ट्रॅक्टरबरोबर सगळ्यात जास्त खपणारं औजार हेच. भारी जमिनीचा विचार करून ढोबळ अंदाज असा धरावा की रोटाव्हेटरच्या एका फुटाला पी.टी.ओ.वरची सहा ते सात अश्वशक्ती लागते. म्हणजे २० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला अडीच ते तीन फुटी रोटाव्हेटर, आणि २५ च्या आसपासच्या ट्रॅक्टरला तीन ते साडेतीन फुटी. हलक्या, भुसभुशीत जमिनीत थोडा रुंद चालेल. पण दुकानदार म्हणाला, “चार फुटी घ्या, चालतंय”, म्हणून घेऊ नका. चालतं ते हलक्या जमिनीत, दोन इंच खोलीवर.

दुसरी अट रुंदीचीच. रोटाव्हेटर ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडांइतका तरी रुंद हवा. नाहीतर चाकानं दाबलेली पट्टी तशीच राहते. या दोन अटी एकत्र बसत नसतील, तर चाकं आत घेता येतात का ते पाहा. बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरची चाकं उलटसुलट बसवून मधलं अंतर कमी-जास्त करता येतं.

पात्यांचे दोन मुख्य प्रकार. इंग्रजी एल अक्षरासारखी पाती काडीकचरा, धसकटं असलेल्या शेतात चांगली. सी आकाराची पाती भारी, ओलसर जमिनीत कमी ताण देतात. आपली जमीन सांगा आणि पाती मागा.

एक सावधगिरी. रोटाव्हेटरनं जमीन पिठासारखी होते, डोळ्याला छान दिसते. पण दरवर्षी त्याच खोलीवर, तेही वाफसा नसताना, रोटाव्हेटर फिरवला तर पात्यांच्या खालचा थर घट्ट होतो. पाणी मुरत नाही, मुळं खाली जात नाहीत. काळ्या जमिनीत हे लवकर घडतं. त्यामुळे रोटाव्हेटर हे एकच औजार घेऊन सगळी मशागत उरकायची नाही. सोबत पाच दातांचा मोगडा असू द्या. पंधरा ते वीस अश्वशक्तीला पाच दात, पंचविसाच्या पुढं सात. मुरमाड, दगडगोट्यांची जमीन असेल तर स्प्रिंगचा मोगडा घ्या, दगड लागला की दात मागे सरकतो. स्वच्छ जमिनीत साधा, विनास्प्रिंगचा हलका आणि स्वस्त पडतो.

ठिबक असलेल्या बागेत आणखी एक काळजी. नळ्या उचलून तारेवर टांगल्याशिवाय रोटाव्हेटर आत घालू नका. एकदा का नळी पात्यात गुंडाळली गेली, की नळीही गेली आणि बेअरिंगच्या सीलही गेल्या. शिवाय खोडाजवळ खोल फिरवू नका. झाडाची खाणारी बारीक मुळं वरच्या थरातच असतात.

पेरणी आणि आंतरमशागत : चाक कुठून जाणार?

सोयाबीन ४५ सेंटिमीटरवर पेरत असाल, तर मागच्या दोन चाकांच्या मध्यरेषांमधलं अंतर ९० सेंटिमीटर ठेवा. दोन ओळी चाकांच्या मध्ये येतात आणि दोन्ही चाकं ओळींच्या मधून जातात. पेरणी आणि कोळपणी याच मापावर केली तर पीक तुडवलं जात नाही. यासाठी पेरणी यंत्राचे फण सरकवता येतील असेच घ्या. खत आणि बी वेगवेगळं पडेल, आणि प्रत्येक फणाचं बी सारखं पडतं की नाही हे घरच्या अंगणातच पिशव्या बांधून तपासा. वावरात गेल्यावर कळून उपयोग नाही.

पीक गुडघ्याएवढं झालं की ट्रॅक्टर त्यावरून जाऊ शकत नाही, कारण पोटाखाली जागा फार तर वीतभर, सव्वा वीत. मग ट्रॅक्टर एकाच ओळीतून न्यावा लागतो. इथं ट्रॅक्टरची पूर्ण रुंदी आणि दोन्ही बाजूंना वीत-वीत मोकळी जागा एवढं अंतर ओळीत हवं. अडीच फुटी ट्रॅक्टरला चार फुटी ओळ लागते. तीन फूट रुंद ट्रॅक्टर असेल तर साडेचार फूट. ऊस, कपाशी, तूर लावण्यापूर्वीच हा हिशोब करा. लावणीनंतर ओळ सरकत नाही.

उसात भर लावायला रिजर लागतो. त्याचे पंख कमी-जास्त करता येणारे असावेत, म्हणजे बाळबांधणीला अरुंद आणि मोठ्या बांधणीला रुंद करता येतात. रिजरलाही ओढण्याचा जोर लागतो. म्हणून सरीतली माती आधी मोगड्यानं किंवा छोट्या रोटाव्हेटरनं मोकळी करून मग रिजर चालवला, तर छोटा ट्रॅक्टर हे काम चांगलं करतो.

सोयाबीनसाठी रुंद वरंबा-सरी पद्धत पुष्कळ ठिकाणी उपयोगी ठरली आहे. पाऊस जास्त झाला तर पाणी सरीतून निघून जातं, कमी झाला तर ओल टिकते. पण बाजारातली चार ओळींची यंत्रं बहुधा मोठ्या ट्रॅक्टरसाठी असतात. ती घेण्याआधी यंत्राला किती अश्वशक्ती लागते, ते लेखी मागून घ्या.

फवारणीचा ब्लोअर : लिफ्ट उचलते, पण ट्रॅक्टर पेलतो का?

नाशिक, सांगली, सोलापूरकडच्या द्राक्ष आणि डाळिंब बागायतदारांनी हा भाग नीट वाचावा, कारण इथं जिवाचा प्रश्न आहे.

छोट्या ट्रॅक्टरची लिफ्ट सुमारे ७५० किलो उचलते असं पुस्तकात लिहिलेलं असतं. त्यामुळे आपल्याला वाटतं, ४०० किलोचा ब्लोअर तर सहज चालेल. आता हिशोब पाहा. समजा ट्रॅक्टर ८०० किलोचा आहे आणि त्यातलं ३२० किलो वजन पुढच्या चाकांवर आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर १५० सेंटिमीटर. ब्लोअर रिकामा १५० किलोचा आणि त्यात २५० लिटर पाणी, म्हणजे एकूण ४०० किलो. त्याचा भार मागच्या चाकाच्या मध्यापासून १०० सेंटिमीटर मागे पडतो. हा ब्लोअर उचलला की मागच्या चाकावर तराजूसारखं होतं. पुढच्या चाकांवरचं वजन ४०० गुणिले १०० भागिले १५०, म्हणजे सुमारे २६७ किलोनं कमी होतं. पुढं उरतात फक्त ५३ किलो.

ट्रॅक्टर आणि औजार मिळून जेवढं वजन होतं, त्याचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर असावा, असा नियम आहे. आपल्या उदाहरणात तो २४० किलो होतो. इथं आहेत ५३. असा ट्रॅक्टर सपाट जमिनीवर कसाबसा चालेल. पण बांध चढताना, क्लच झटक्यात सोडताना पुढची चाकं उचलली जातात आणि स्टिअरिंग फिरवून काही उपयोग होत नाही. ओळ अरुंद असते, चालकाला उडी मारायलाही जागा नसते.

यावर उपाय आहेत. पहिला, टाकी लहान घ्या. रिकामा ११० किलोचा आणि २०० लिटरचा ब्लोअर घेतला, आणि पुढच्या आसापुढं दोन फुटांवर ८० किलोची वजनं लावली, तर पुढच्या चाकांवर सुमारे २२५ किलो राहतात. एकूण वजन ११९० किलो, म्हणजे जवळपास पाचवा हिस्सा झाला. दुसरा उपाय, जास्त पाणी हवं असेल तर लिफ्टवर बसणारा ब्लोअर न घेता स्वतःच्या चाकांवर चालणारा, मागे ओढायचा ब्लोअर घ्या. त्याचा भार ट्रॅक्टरवर फारसा पडत नाही. मात्र त्याला ओळीच्या टोकाला वळायला जास्त जागा लागते, ती सोडलेली आहे का ते पाहा. आणि उतारावर तो ट्रॅक्टरला मागून ढकलतो, हे ध्यानात ठेवा. आपल्या ट्रॅक्टरची मापं वेगळी असतील. पण हिशोब करायची रीत हीच.

भातखाचरं आणि ट्रॉली

कोकणात, मावळात, भंडारा-गोंदियाकडं चिखलणीसाठी लोखंडी पिंजऱ्याची चाकं लागतात. छोट्या ट्रॅक्टरला पूर्ण रुंदीची जड चाकं न लावता टायरच्या बाजूला बसणारी अर्धी चाकं लावावीत. एका खाचरातून दुसऱ्यात उतरताना बांधाला तिरपं जाऊ नका. सरळ जा, नाहीतर फळी टाका.

ट्रॉलीच्या बाबतीत एकच सांगतो. ट्रॅक्टर किती ओढतो हे पाहू नका, किती थांबवू शकतो हे पाहा. सात-आठशे किलोच्या ट्रॅक्टरमागे तीन टनांची भरलेली ट्रॉली सपाट रस्त्यावर ओढली जाईल. पण घाटात, उतारावर तीच ट्रॉली ट्रॅक्टरला पुढं ढकलत नेते. कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या वजनाच्या आत राहा. आणि ट्रॉली किंवा कोणतीही ओढायची वस्तू नेहमी खालच्या हुकालाच लावा. वरच्या दांड्याच्या जागी साखळी अडकवून ओढलं, तर ट्रॅक्टर क्षणात मागे उलटतो. अडकलेलं लाकूड ओढताना, रुतलेली गाडी काढताना हे अपघात होतात.

घ्यायचं की भाड्यानं आणायचं?

प्रत्येक औजार घरचंच हवं असं नाही. पुन्हा वही काढा. समजा, एक रोटाव्हेटर ६०,००० रुपयांना मिळतो आणि दहा वर्षं चालतो. शेवटी ६,००० रुपये येतील. दरवर्षीची घट ५,४०० रुपये. गुंतलेल्या पैशावरचं व्याज सरासरी ३,३०० रुपये. शेड, तेल, सील अशी देखभाल १,३०० रुपये. एकूण वर्षाला १०,००० रुपये हा रोटाव्हेटर नुसता उभा राहून खातो. भाड्यानं काम करून घेतलं तर एकराला १,२०० रुपये पडतात आणि स्वतः केलं तर डिझेल, पाती धरून ७०० रुपये, असं समजू. म्हणजे एकरामागे ५०० रुपये वाचतात. १०,००० भागिले ५००, उत्तर २० एकर. वर्षाला २० एकरांपेक्षा कमी काम असेल तर घरचा रोटाव्हेटर महाग पडतो.

आपली तीन एकर जमीन असेल आणि वर्षातून दोनदा रोटाव्हेटर मारायचा असेल, तर काम झालं सहा एकर. उरलेलं चौदा एकराचं काम भावकीत, शेजारी मिळणार असेल तर खुशाल घ्या. नसेल तर दोघं-तिघं मिळून घ्या, किंवा गावातल्या औजार बँकेकडून आणा. आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत. आपल्या गावचा भाव घालून हिशोब मांडा. फवारणीचं मात्र वेगळं आहे. द्राक्षात एका हंगामात पुष्कळ फवारण्या होतात आणि पाऊस-दव पाहून त्याच दिवशी कराव्या लागतात. तिथं घरचा ब्लोअर लागतोच. कोणत्या कामाला वेळेवर औजार मिळालं नाही तर पीक जाईल, हे ठरवा. ते औजार आधी घ्या, बाकीची नंतर.

सरकारी अनुदान घ्यायचं असेल तर महाडीबीटीवर अर्ज करा, निवड झाल्यावर पूर्वसंमती घ्या आणि मगच खरेदी करा. आधी औजार आणून मागून अनुदान मागितलं तर ते मिळत नाही. अनुदानाची मर्यादा आणि नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून सहायक कृषी अधिकाऱ्यांना किंवा तालुका कृषी अधिकाऱ्यांना विचारून घ्या. आणि अनुदान आहे म्हणून नको असलेलं औजार घेऊ नका. निम्म्या किमतीत आणलेलं, पण शेडमध्ये गंजत पडलेलं औजार हे पूर्ण किमतीचंच नुकसान.

विकत घेण्यापूर्वी आपल्या वावरात चालवून पाहा

विक्रेत्याला सांगा, औजार माझ्या शेतात, माझ्या ट्रॅक्टरला लावून दाखवा. तिथं एक सोपी परीक्षा करा. मागच्या टायरवर खडूनं खूण करा. औजार उचलून ट्रॅक्टर चालवा, चाकाचे दहा फेरे मोजा आणि किती अंतर गेलं ते टेपनं मोजा. समजा २९ मीटर झालं. आता औजार जमिनीत घालून पुन्हा दहा फेरे मोजा. २५ मीटर झालं तर चाकं सुमारे १४ टक्के घसरली. दहा ते पंधरा टक्के घसरण चालते. अंतर २१ मीटरच भरलं, तर घसरण २८ टक्के झाली. म्हणजे औजार ट्रॅक्टरला जड आहे. खोली कमी करा, वजन वाढवा, नाहीतर औजार परत द्या.

त्याच वेळी इंजिनाचा आवाज ऐका. रोटाव्हेटर जमिनीत गेल्यावर आवाज किंचित दबला तर ठीक, इंजिन गुदमरून काळा धूर सोडायला लागलं तर औजार मोठं आहे. औजार पूर्ण वर उचलून पी.टी.ओ.चा दांडा पाहा. त्याच्या दोन नळ्या एकमेकीत पुरेशा शिरलेल्या असाव्यात, खाली सोडल्यावर निसटू नयेत आणि वर उचलल्यावर तळाला टेकू नयेत. ट्रॅक्टरची चाचणी मध्य प्रदेशात बुदनी इथल्या केंद्र सरकारच्या संस्थेत होते. तिचा अहवाल विक्रेत्याकडं मागा. त्यात पी.टी.ओ.ची खरी शक्ती आणि लिफ्टची क्षमता दिलेली असते.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं

पी.टी.ओ.च्या दांड्यावरचं प्लॅस्टिकचं आवरण काढून टाकू नका. मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. धोतराचा सोगा, पदर, उपरणं, ओढणी, मोकळे केस त्यात अडकले तर इंजिन बंद करायलाही वेळ मिळत नाही. औजारात काही अडकलं तर आधी पी.टी.ओ. बंद, मग इंजिन बंद, किल्ली खिशात, आणि मगच हात घाला. औजाराखाली शिरायचं असेल तर ते जमिनीवर टेकवा किंवा ठोकळ्यावर ठेवा. नुसत्या लिफ्टच्या भरवशावर खाली जाऊ नका. ताण आला की तुटण्यासाठी ठेवलेला मऊ बोल्ट तुटला, तर त्या जागी कडक बोल्ट घालू नका. तो बोल्ट तुटतो म्हणूनच गिअरबॉक्स वाचतो. आणि नातवाला कौतुकानं मडगार्डवर बसवू नका.

बंधू-भगिनींनो, आजच्या बोलण्याचं सार एवढंच. आधी कामाची यादी, मग जोडणीचं माप, मग शक्ती आणि वजनाचा हिशोब, मग आपल्या वावरातली परीक्षा, आणि सगळ्यात शेवटी पैसे. खरिपाच्या तोंडावर घाईत खरेदी होते आणि तिथंच फसगत होते. म्हणून हंगामाच्या दोन महिने आधी हे काम हाती घ्या. छोटा ट्रॅक्टर गुणी आहे. त्याला झेपेल तेवढंच औजार द्या, म्हणजे तो पुष्कळ वर्षं साथ देईल.